वजन न सांगणारी एस्तेरआत्या

नुकतंच जन्मलेलं मूल वजनाला घेताना एस्तेरआत्या दाराकडे पाठ करून उभी राहायची. भिंतीतल्या आकड्याला तबकडीचा काटा टांगलेला, काट्याला धुऊन वाळवलेली कापडी झोळी, झोळीत मूल. आत्याची पाठ रुंद होती. दारातून डोकावणाऱ्या आजीला किंवा नणंदेला त्या पाठीपलीकडची तबकडी दिसायची नाही. "किती भरलं वं बाई?" असं कोणी विचारलं की मूल झोळीतून काढत ती म्हणायची, "भरलं तेवढं भरलं. पोट्टं चांगलं हाय." मग खिशातल्या पेन्सिलीनं एका कपट्यावर आकडा लिहायची आणि कपटा घडी घालून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवून यायची.

एम.ए.ची दोन वर्षं मी तिच्याकडे राहिले, सत्तर ते बहात्तर. धंतोलीतल्या एका लहान सूतिकागृहाच्या मागच्या अंगाला तिला दोन खोल्या दिलेल्या होत्या. आमचं घर इंदोऱ्यात, सहा माणसांचं. तिथं पुस्तक उघडलं की कोणीतरी त्याच्यावर ताट ठेवायचं. आत्या एकटी होती. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला, मूलबाळ नव्हतं. "पोरीले माह्याकडं धाड, देवराव," असं तिनं बाबांना सांगितलं आणि मी ट्रंक घेऊन आले. दुपारी तिचा डबा सूतिकागृहात नेऊन द्यायचा, एवढंच माझ्याकडे काम होतं.

तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. तीस वर्षं उभ्यानं काम करून पायांच्या शिरा गाठी होऊन वर आल्या होत्या. डबा खायला बसली की पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवायची आणि पहिल्या घासाआधी बराच वेळ डोळे मिटून राहायची. मला वाटायचं, प्रार्थना करते. एकदा विचारलं तर म्हणाली, "प्रार्थना होते थोडीशी. बाकी डुलकी."

माझे बाबा देवराव तिचे चुलतभाऊ. तिच्या वडिलांनी फार पूर्वी, मिशनच्या शाळेत शिपाई असताना, बाप्तिस्मा घेतला होता. बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. एकाच आजोबांची नातवंडं. एकीच्या भिंतीवर क्रूस, एकाच्या भिंतीवर बुद्ध. दोघांनाही एकमेकांशिवाय करमायचं नाही, आणि भेटले की वादाशिवाय जेवण उतरायचं नाही. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, काम करत, पण वाचन दांडगं. मिळेल ती पुस्तिका आणत आणि समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं काढत.

दर नाताळच्या सकाळी बाबा सायकलवरून येत. पांढरा सदरा, हातात पुडी. आत्या करंज्या पुढे करायची. पहिली करंजी संपेपर्यंत बाबा घरचं बोलत. दुसरी उचलली की मी समजायचे, आता.

"बाई, एक सांग. तू इतक्या बायांची बाळंतपणं केली. तुमच्या येशूवानी एक तरी पोट्टं बापाशिवाय झालेलं पाह्यलं काय?"

"नाही पाह्यलं."

"मंग?"

"मंग काय? रोज होत असतं तं पुस्तकात कोणी लिहिलं असतं? गाय व्याली म्हणून कोणी शुभवर्तमान लिहीत नाही, देवा."

"त्या काळचे लोक भोळे होते. सांगन ते मानत."

"मरीयेचा योसेफ भोळा नव्हता. सुतार होता. लाकूड मोजून कापणारा माणूस. पोट कशानं वाढते हे त्याले तुह्याएवढंच समजे. म्हणून तं तिले सोडाले निघाला होता. पयला संशय त्यालेच आला. तू लय मागून आला."

बाबा समासातलं दुसरं प्रश्नचिन्ह काढत. "बरं. चार शुभवर्तमानं, चौघांनी लिहिलेली. दोघं असा जन्म सांगतात, दोघं चुप. मार्क काहून चुप?"

"मार्काले विचार."

"टाळू नको."

"अरे, आपल्या आजीची गोष्ट तू सांगशील, मी सांगीन, तुहा भाऊ सांगन. तिघं एकच सांगू काय? अशी गोष्ट बाई कोणाले सांगते? लूकाले सांगितली. थो वैद्य होता म्हणतात. पोटातलं माणूस वैद्यालेच सांगते."

यावर बाबा हसत. उत्तर पटलेलं नसायचं, पण आवडलेलं असायचं. मग आत्या हळूच टोला हाणायची, "आन् तुमच्या बुद्धाची माय महामाया, तिच्या सपनात हत्ती आला होता, त्याचं काय?"

"आम्ही थो हत्ती सोडला," बाबा करंजी मोडत म्हणत. "माणूस ठेवला."

"तुमचं बरं हाय. मले हत्तीबी सोडता येत नाही आन् माणूसबी."

हे झालं घरातलं. बाहेर तिला हा प्रश्न कोणीही विचारायचं. रिक्षावाला विचारायचा, औषधाच्या दुकानातला विचारायचा. एकदा एक बाई वेणा देता देता, आत्याच्या गळ्यातला क्रूस डोळ्यांपुढे लोंबताना पाहून म्हणाली, "तुमच्या मरीयेचं बरं होतं वं बाई, नवऱ्याचा ताप नाही." उशाशी बसलेली तिची आई म्हणाली, "आपल्या कुंतीचंबी तसंच होतं. पण तिनं पोट्टं पाण्यात सोडलं." आत्या म्हणाली, "बोलू नका, जोर लावा."

बाबा सांगत की पूर्वी ती अशी नव्हती. तरुणपणी वाद घालायला ती पदर खोचून उभी राहायची. वचनं तोंडपाठ, आवाज खणखणीत. चर्चच्या अंगणात बाहेरच्या लोकांचे प्रश्न घ्यायला पाद्रीसाहेब तिलाच पुढे करत. मग मधेच कधीतरी तिनं जिंकणं सोडून दिलं. आता कोणी विचारलं तर उत्तर द्यायची, पण दमलेल्या माणसानं फाटक लावावं तसं.

ते मधेच म्हणजे कधी, हे मला पहिल्या पावसाळ्यात कळलं. दुपारी डबा नेला होता. प्रसूतीच्या खोलीत कोणी नव्हतं. आत्या बाळंतिणींसाठी कापसाच्या हातभर गाद्या घडी करत होती. मी सहज विचारलं, "आत्या, तू वजन कोणाला सांगत का नाहीस? बाकीच्या नर्स तर ओरडून सांगतात."

तिनं चार घड्या केल्या. मग म्हणाली, "मीबी ओरडूनच सांगो."

अठ्ठावन्न सालची गोष्ट. मौद्याकडची मुलगी होती, गोपिका नावाची. पहिलटकरीण. नवरा रेल्वेत, बदलीच्या गावी. कधीमधी रजेवर यायचा. दीड दिवस वेणा दिल्या तिनं. मूल झालं तेव्हा आत्याच जास्त आनंदली. झोळीत टाकलं तर काटा आठ पौंडांवर. तिनं झोळी दाराकडे वळवून सगळ्यांना मूल दाखवलं. सासू पुढे आली. म्हणाली, पुऱ्या दिवसाचं हाय ना बाई? आत्या म्हणाली, पुऱ्या! अन् वर चार दिवस! आठ पौंड हाय!

"व्हरांड्यात दहा बाया होत्या," आत्या म्हणाली. "साऱ्यांनी ऐकलं. सासू तिथंच बोटांवर मोजाले लागली. पोरगा रजेवर कवा आला, कवा गेला. दोनदा मोजलं. मंग उठली, पिशवी घेतली आन् चालली गेली. मले वाटलं, बाजारातून गूळ आणाले गेली."

कोणी परत आलं नाही. गोपिका अकरा दिवस खाटेवर बसून राहिली. तिला आत्या आपल्या डब्यातलं द्यायची. गोपिका म्हणायची, येतील, रेल्वेची सुट्टी लवकर भेटत नाही. बाराव्या दिवशी, बारशाच्या दिवशी, सकाळी आत्या कामावर आली तर खाट रिकामी. चादर घडी घातलेली. मूलही नव्हतं, तीही नव्हती. कोणत्या बाजूला गेली हे पहारेकऱ्याला सांगता आलं नाही.

"ती गेल्यावर आठ दिवसांनी तिच्या लघवीच्या तपासणीचा कागद आला. साखर होती. मायले साखर असली का पोट्टं जड होते, दिवस कमी असले तरीबी. हे मले शिकवलेलं होतं वं. परीक्षेत लिहिलं होतं मी. पण त्या दिवशी आनंदात इसरली." तिनं शेवटची गादी ढिगावर ठेवली. "वीस वर्षं मरीयेची बाजू घेऊन मी भांडली. काय काय दाखले दिले. आन् गोपिकेची बाजू घ्याची पाळी आली तवा मी काटा वाचला."

मी डबा तिच्यापुढे सरकवला. तिनं डबा उघडला आणि म्हणाली, "वांगं केलं काय? मीठ कमी हाय, वासावरून समजते."

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर पंधराएक दिवसांनी कन्हानहून एक बाई आणली. वच्छला. वीस-एकवीसची असेल. तिचा नवरा शालिकराम खाणीत कामाला होता. बरोबर सासू होती, बायजाबाई, सुकलेली, चपळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी डबा घेऊन पोचले तेव्हा मूल झालेलं होतं आणि आत्या दाराकडे पाठ करून उभी होती.

"किती भरलं?" बायजाबाईनं विचारलं.

"भरलं तेवढं भरलं. पोट्टं चांगलं हाय."

"चांगलं हाय हे दिसूनच राह्यलं. किती ते सांगा."

"डॉक्टरीणबाई सांगतील."

"त्या म्हणतात नर्सबाईले विचारा." बायजाबाई आत आली आणि तिनं मुलाच्या मांडीचं मांस दोन बोटांत धरून पाहिलं, भाजीवालीकडचं वांगं पाहावं तसं. "पोरगा माहा परासियाच्या खाणीत होता सात महिने. होळीले घरी आला. होळीपासून आठ महिनेबी नाही भरत. आन् हे पोट्टं पाहा. आठव्यातलं पोट्टं असं असते काय? नखं पाहा त्याची."

वच्छलेनं तोंड भिंतीकडे केलं.

"आठव्यातलं कसंबी असते," आत्या म्हणाली. "नवव्यातलंबी कसंबी असते. मी दोन्ही पाह्यले."

"तुम्ही लपवून राह्यल्या बाई. लपवायसारखं असन म्हणूनच."

आत्यानं कपट्यावर आकडा लिहिला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "टेबलावर ठेवून ये." व्हरांडा ओलांडताना तो कपटा माझ्या मुठीत होता. मी उघडला नाही. उघडून मला काय कळलं असतं?

दुसऱ्या दिवशी बायजाबाई गेली. "पोरगा येईन," एवढं बोलली. तिसरा दिवस गेला, चौथा गेला. आत्या त्या दिवसांत रात्री उठून बसायची, पण मला काही सांगायची नाही. डब्याच्या वेळी ती नर्सच्या खोलीतल्या कॅलेंडरजवळ क्षणभर थांबायची. कॅलेंडर कुठल्याशा बेकरीचं, गोठ्यातल्या बाळाच्या चित्राचं. ती चित्र पाहत नव्हती. खालचे आकडे पाहत होती. पाचवा. सहावा.

मी डबा जास्त भरून न्यायला लागले. आत्या अर्धा वच्छलेला द्यायची. एकदा वच्छलेनं घास हातातच धरून विचारलं, "बाई, तुमाले काय वाटते?"

"मले भूक लागली असं वाटते. तूबी खा."

वच्छला खाऊ लागली. खाता खाता रडली. आत्यानं तिच्याकडे पाण्याचा पेला सरकवला आणि ती रडत असल्याचं पाहिलं न पाहिलंसं केलं.

सातव्या दिवशी दुपारी शालिकराम आला. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आला होता, पण पापण्यांच्या कडांना कोळसा तसाच होता, काजळ घातल्यासारखा. उंच, वाकलेला. मी आत्याच्या शेजारी पट्ट्यांचे तुकडे मोजून ठेवत होते. तो नर्सच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"नर्सबाई तुम्हीच ना?"

"मीच. बस."

बसला नाही. "माय म्हणते, तुम्ही वजन लपवता."

"लपवत नाही. सांगत नाही."

"एकच गोष्ट सांगा. पोट्टं पुऱ्या दिवसाचं हाय का कमी? तुम्ही हजारो पोरं काढली. तुमाले नुसतं पाहून समजते म्हणतात."

"पयले मलेबी तसंच वाटे."

त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. त्याला तिथं चिडायला काहीतरी सापडलं. "हा तुमचा देव ना? आमच्या खाणीत एक किरिस्ताव फिटर हाय. त्याले सारे विचारतात, तुह्या देवाच्या बापाचं नाव काय? थो चिडते, अंगावर येते. तुम्ही नाही चिडत?"

"पयले चिडो. आता पाय दुखतात."

"बापाचा पत्ता नाही तरी तुम्ही लोकं त्याच्या पाया पडता. आन् मले म्हणता, मोजू नको!"

"तुले मोजू नको कोण म्हणते?" आत्यानं पाय स्टुलावरून खाली घेतले. "मोज. योसेफानंबी मोजलं. मरीयेचं त्याच्यासंगं ठरलं होतं, घरी आणली नव्हती. अशात तिले दिवस गेले. त्याच्या डोक्यात चमत्कार-बिमत्कार काही आला नाही. जे तुह्या डोक्यात आलं, तेच आलं. फक्त बोभाटा करायचा नाही, चुपचाप सोडून द्यायचं, असं ठरवलं त्यानं."

"मंग सोडली?"

"नाही."

"काहून?"

"सपनात देवदूत आला. म्हणे, भिऊ नको, हे देवाचं हाय, तिले घरी घेऊन जा."

शालिकराम हसला. फार वेळ हसला नाही. "मले सपनं पडत नाही बाई. खाणीतून आलो का मेल्यावानी झोपतो."

"मंग तुले जागेपणी ठरवा लागन."

बाहेर कोणीतरी बादली आपटली. मग तो हळू आवाजात म्हणाला, आणि आता त्यात टोमणा नव्हता, "तुमची मरीया खरी होती. म्हणून थो घेऊन गेला. माह्यावाली खरी हाय का नाही, हे मले कोण सांगन?"

मला वाटलं, आत्या आता काहीतरी मोठं बोलेल. एवढी वर्षं लोकांना उत्तरं दिलेली बाई. तिच्या जागी मी असते तर खोटंच बोलले असते. कमी दिवसांचं आहे, घेऊन जा, एवढंच म्हणायचं होतं. एका वाक्याचं काम.

"मले माहीत नाही," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत. मरीयेचं मी मानते, ते देवाच्या शब्दावर. वच्छलेचं मले माहीत नाही. काट्यालेबी माहीत नाही. थो पौंड सांगते, बाप नाही सांगत. एकदा मी त्याच्या भरोशावर बोलली होती."

आणि तिनं त्याला गोपिकेचं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून थोडक्यात. आठ पौंड, अकरा दिवस, घडी घातलेली चादर, साखरेचा कागद. सांगताना ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

शालिकराम आता बसला. दाराच्या उंबऱ्यावरच.

"तिले विचारलं तू?" आत्या म्हणाली.

"कोणाले?"

"वच्छलेले. सात दिवस झाले. तुह्या मायनं मले विचारलं, डॉक्टरीणबाईले विचारलं, पोट्ट्याच्या नखाले विचारलं. तू मले विचारलं, कॅलेंडरले विचारलं. जिचं पोट, तिले कोणी विचारलं?"

तो उठून आत गेला. खाटांमधल्या हिरव्या पडद्यामागे दोघं काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. फार बोलली नसावीत. मूल एकदा रडलं आणि थांबलं. तो बाहेर आला, आम्हा दोघींकडे न पाहता व्हरांडा उतरला आणि सरळ निघून गेला.

आत्यानं पट्ट्यांचा गठ्ठा माझ्याकडून घेतला. मी मोजायला चुकले होते. ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

"येईल का गं?" मी विचारलं.

"मले काय माहीत. मी काय देवदूत हाओ?"

आठवा दिवस असाच गेला. नववाही गेला. दहाव्या दिवशी वच्छलेनं आपलं लुगडं धुऊन वाळत घातलं, मुलाची दुपटी घडी घालून उशाशी ठेवली. ती घडी पाहून आत्याचा चेहरा उतरला. त्या दुपारी ती जेवली नाही. दोन वेळा पहारेकऱ्याजवळ जाऊन काहीतरी सांगून आली.

अकराव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास सूतिकागृहाच्या फाटकाशी सायकलरिक्षा थांबली. शालिकराम एकटाच होता, माय बरोबर नव्हती. कारकुनानं जन्मनोंदीचा फॉर्म पुढे केला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "बापाचं नाव?" शालिकरामनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. कारकुनानं लिहिलं. शालिकरामला सही येत होती, पण अक्षरं लावायला त्याला वेळ लागला. कारकून खिडकीबाहेर पाहत राहिला.

वच्छला मूल घेऊन आली. तो तिच्याशी बोलला नाही. रिक्षात बसताना तिनं मूल त्याच्याकडे धरलं, कारण तिला लुगडं आवरायचं होतं. त्यानं घेतलं. ती बसली. तिनं हात पुढे केले. त्यानं मूल परत दिलं. रिक्षा गेली. मी आत्याकडे पाहिलं. तिला आनंद झाला असेल असं मला वाटत होतं. ती दारातून कॅलेंडरकडे पाहून म्हणाली, "उद्या बारावा." मग आत जाऊन वच्छलेच्या खाटेची चादर ओढून काढली, तीवर घडी पडायच्या आत.

त्या वर्षी नाताळला बाबा आले तेव्हा लढाई संपून आठवडाच झाला होता. पहिली करंजी लढाईच्या बातम्यांत संपली. दुसरी उचलून बाबांनी खिशातून पुस्तिका काढली.

"या वर्षी नको विचारू, देवा," आत्या म्हणाली. "एकजण विचारून गेला."

तिनं सांगितलं नाही, मी सांगितलं. बाबांनी सगळं ऐकलं. पुस्तिका मांडीवर तशीच होती. शेवटी म्हणाले, "खरं सांगू काय बाई? मी असतो तं वजन विचारल्याशिवाय उठलो नसतो."

"म्हणून तं तू देवराव. योसेफ नाही."

"पण तू तरी त्याले सांगून टाकाचं, का कमी दिवसाचं हाय म्हणून. एवढं खोटं चालते."

"नाही चालत. उद्या दुसरी कोणी नर्स त्याले खरं सांगन. मंग?" ती करंज्यांचं ताट बाबांपुढे सरकवत म्हणाली, "थो घेऊन गेला, थे खरंखोटं न समजता घेऊन गेला. तेवढंच टिकन, टिकलं तं."

बाबांनी पुस्तिका खिशात ठेवली. त्यांचा प्रश्न सुटलेला नव्हता हे मला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी त्यांनी तो पुन्हा विचारला, नव्या पुरवणीसह. पण त्या सकाळी ते तिसरी करंजी खाऊन, आत्याच्या पायांसाठी कुठलंसं तेल सुचवून परतले.

माझी परीक्षा संपली आणि मी ट्रंक भरायला घेतली तो बहात्तरचा मे महिना. धंतोलीच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागल्या होत्या. शेवटचा डबा घेऊन गेले तर व्हरांड्यात टोचायला आणलेल्या मुलांची रांग होती. रांगेत शालिकराम उभा होता. मूल त्याच्या खांद्यावर, तोंडात त्याच्या सदऱ्याची गुंडी. वच्छला चार पावलं मागे, पदर डोक्यावरून. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. निदान मी होते तोवर तरी नाही.

पाळी आली तेव्हा तो आत येऊन म्हणाला, "नर्सबाई, खोकला जात नाही याचा. पंधरा दिवस झाले. आंग धरत नाही. काट्यावर घेता काय?"

आत्यानं झोळी आकड्याला लावली. मूल त्यात ठेवलं. सवयीनं ती दाराकडे पाठ करून उभी राहिली. दारात बाया होत्या, रांग होती, सगळ्यांच्या माना लांब झाल्या होत्या.

"किती हाय बाई?" शालिकरामनं विचारलं. "सांगा ना. कमी हाय काय?"

ती बाजूला झाली. हे तिनं किती वर्षांनी केलं, मला मोजता येईल, पण मी मोजलं नाही. तबकडी त्याला दिसेल अशी उभी राहिली आणि आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "तेरा पौंड." व्हरांड्यातल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "सहा महिन्यांच्या मानानं कमी हाय. सोळा पायजे होतं. दूध वाढवा लागन. खोकल्याचं औषध देते, थे पुरं संपवाचं, मधात सोडाचं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा आणाचं."

"तेरा," शालिकराम म्हणाला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मुलाला झोळीतून काढताना त्यानं त्याचं डोकं तळहातानं सावरलं. "सोळा पायजे होतं," तो मागे वळून वच्छलेला म्हणाला. तिनं मान हलवली.

पायऱ्या उतरताना तो तोंडातल्या तोंडात "तेरा, तेरा" म्हणत होता, विसरू नये म्हणून.

रांगेतलं पुढचं मूल रडत होतं. आत्यानं झोळी उतरवली, बदलली, दुसरी लावली. मग तिनं मला स्टूल सरकवायला सांगितलं, पाय वर घेतले आणि म्हणाली, "दे. काय आणलं आज?"